हात हलला की हलवला?

पदवीच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा: "आपण निर्णय घेतला असं आपल्याला वाटतं, पण त्याआधीच मेंदूने तो घेतलेला असतो हे प्रयोगाने सिद्ध झालंय असं वाचलं. तत्त्वज्ञही म्हणतात की सगळं कार्यकारणाने बांधलेलं आहे. माझ्याकडून अभ्यास होत नाही. तो व्हायचा की नाही हे आधीच ठरलेलं असेल, तर मी धडपड तरी कशाला करू?"

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण हालचालींच्या विकारांचे असतात. कुणाचं शरीर मनात नसताना हलतं, कुणाचं मनात असूनही हलत नाही. त्यामुळे "मी केलं" आणि "माझ्याकडून झालं" यांतला फरक ओळखणं हे माझं रोजचं काम आहे. आधी उत्तर सांगून टाकते. तो प्रयोग खरा आहे, पण "आपण काहीच ठरवत नाही" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तत्त्वज्ञानातली अडचण मात्र प्रयोगापेक्षा खोल आहे, आणि तिचा एक भाग मला मान्य करावाच लागतो. तुमच्या शेवटच्या वाक्यात जी चूक आहे तिला मेंदूविज्ञानाचा आधार नाही आणि तत्त्वज्ञानाचाही नाही.

प्रयोगापासून सुरुवात करू, कारण त्याच्याविषयी बोललं फार जातं आणि तो होतो कसा हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

टाळूवर, डोक्याच्या बरोबर मधोमध, एक इलेक्ट्रोड बसवायचा. त्याखाली जेल घालून कातडी थोडी घासून घ्यायची. हाताच्या पुढच्या भागावर स्नायूंची हालचाल टिपणारे आणखी दोन इलेक्ट्रोड. मग त्या माणसाला सांगायचं, "तुम्हाला वाटेल तेव्हा मनगट हलवा." तो हलवतो. पडद्यावर तुम्ही ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीची, ती एक रेघ डोळे फाडून पाहिलीत तरी काही दिसत नाही. जी गोष्ट शोधायची ती काही मायक्रोव्होल्टची असते आणि मेंदूच्या नेहमीच्या चढउतारांच्या गोंगाटात बुडून जाते. म्हणून तीच हालचाल तीसचाळीस वेळा करून घ्यायची, प्रत्येक वेळी स्नायू हलला तो क्षण शून्य धरायचा, आणि त्याच्या मागचे दोनेक सेकंद एकावर एक ठेवून सरासरी काढायची. मग गोंगाट एकमेकांना मारतो आणि हळूहळू एक उतार वर येतो. हालचालीच्या सेकंदभर आधीपासून विद्युतदाब ऋण दिशेने सरकत जातो. 1964 साली जर्मनीत फ्रायबुर्गला कोर्नहुबर आणि डीके यांना तो पहिल्यांदा दिसला. त्यांनी नोंदी टेपवर घेतल्या आणि टेप उलटी चालवून हालचालीच्या मागचा काळ मोजला. या उताराला रेडिनेस पोटेन्शियल म्हणतात. मी शिकत असताना पहिल्यांदा ही सरासरी पडद्यावर जमताना पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता, हे खरं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या बेंजामिन लिबेट या मेंदूसंशोधकाने 1983 साली यात एक भर घातली. समोरच्या पडद्यावर एक ठिपका घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता, 2.56 सेकंदांत एक फेरी. प्रयोगात बसलेल्यांनी सांगायचं होतं की हात हलवावासा वाटला तेव्हा ठिपका कुठे होता. उत्तरांची सरासरी आली हालचालीच्या साधारण 200 मिलिसेकंद आधी. आणि रेडिनेस पोटेन्शियल सुरू होत होतं सुमारे 550 मिलिसेकंद आधी. मधल्या साडेतीनशे मिलिसेकंदांवर गेली चाळीस वर्षं वाद चाललाय.

आता त्या सरासरीकडे पुन्हा पाहा. आपण कुठले तुकडे एकत्र केले? ज्यांच्या शेवटी हालचाल झाली तेवढेच. मेंदूतली क्रिया सतत थोडी वरखाली होत असते. समजा ती एका ठरावीक उंबरठ्याला लागली की हात हलतो, आणि "वाटेल तेव्हा हलवा" एवढीच सूचना आहे, कुठलंही कारण नाही. मग ज्या क्षणी ती आपसूक वर गेली त्याच क्षणी हात हलणार. असे क्षण निवडून मागे पाहिलं तर प्रत्येक वेळी चढण दिसेलच, कारण निवडच तशी केलेली आहे. शुर्गर, सिट आणि देहान यांनी 2012 साली हे गणिती प्रारूपाने दाखवलं. म्हणजे ती चढण आधीच झालेल्या निर्णयाची असायलाच हवी असं नाही. निर्णय अजून झालेला नसताना चाललेल्या चढउताराचा तो एक निवडलेला भाग असू शकतो. माझ्या मते गेल्या काही दशकांत या विषयावर निघालेला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि सामान्य वाचकांपर्यंत तो जवळजवळ पोचलेलाच नाही.

दुसरी कच्ची बाजू त्या ठिपक्याची. "मला कधी वाटलं" हे आपण आतून वाचून सांगत नाही, बऱ्याच अंशी मागाहून जुळवतो. बँक्स आणि इशाम यांनी 2009 साली बटण दाबल्यानंतर काही मिलिसेकंदांनी एक बीप वाजवला. बीप जितका उशिरा, तितकी लोकांनी सांगितलेली इच्छेची वेळही पुढे सरकली. बटण दाबून झाल्यावर वाजलेला आवाज आधीच्या इच्छेची वेळ बदलत असेल, तर त्या 200 या आकड्यावर किती भार टाकायचा?

तरी हा विषय एवढ्यात संपत नाही, आणि तो संपला असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. 2008 साली जॉन-डिलन हेन्सच्या गटाने एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याची क्रिया दाखवणारं स्कॅन) वापरून डावं बटण की उजवं हे काही सेकंद आधी ओळखून दाखवलं. अचूकता होती साठ टक्क्यांच्या आसपास, जिथे नाणं उडवून पन्नास मिळतात. हे भविष्य सांगणं नव्हे, पण शून्यही नाही. 2011 साली इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या (फिट्सच्या) 12 रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून थेट न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, ऐकले. 256 न्यूरॉनच्या नोंदीवरून, इच्छा झाली असं रुग्णाने सांगितलेल्या क्षणाच्या 700 मिलिसेकंद आधी, ऐंशी टक्क्यांहून जास्त अचूकतेने अंदाज बांधता आला. इथे मला पळवाट शोधायची नाही. इच्छा जाणवण्याआधी मेंदूत तिची तयारी चालते. प्रश्न असा आहे की याहून वेगळं काय अपेक्षित होतं? माझी इच्छा मेंदूतूनच यायची असेल तर तिच्याआधी मेंदूत काहीतरी घडणारच. ज्याला याचा धक्का बसतो त्याने मनात कुठेतरी धरलेलं असतं की "मी" मेंदूच्या बाहेर बसलोय आणि मेंदू माझ्या हुकुमाची वाट पाहतोय. धक्का त्या समजुतीला बसतो, आणि बसायलाच हवा.

शिवाय या सगळ्या प्रयोगांत निर्णय कसला होता, तर मनगट आत्ता हलवू की मग. डावं बटण की उजवं. ज्याला कारण नाही आणि ज्याचा परिणामही नाही, असा. 2019 साली उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन संस्थांपैकी एकीला खरोखरची देणगी मिळेल अशी निवड करायला दिली, आणि शेजारीच निवडीने काही फरक पडणार नाही अशीही निवड दिली. बिनमहत्त्वाच्या निवडीआधी रेडिनेस पोटेन्शियल दिसलं. विचारपूर्वक निवडीआधी ते जवळपास दिसलंच नाही. म्हणजे ज्या खुणेवरून इच्छास्वातंत्र्य मोडीत काढलं गेलं, ती खूण आपण खरोखर विचार करतो तिथे फारशी उमटतच नाही.

आता माझ्या तपासणीच्या खोलीत या. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की रुग्णाचं क्रियापद ऐका. कंपवाताचा (पार्किन्सनचा) रुग्ण म्हणतो, "हात थरथरतो." कर्ता हात आहे, रुग्ण बाजूला उभा राहून पाहतोय. कोरिया या आपोआप, अनियमित हालचालींच्या विकाराचा रुग्णही तसंच बोलतो: "हात हलतो." पण टिक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अनावर झटका, असलेलं मूल असं बोलत नाही. आठदहा वर्षांचा एक मुलगा मला आठवतो. मान झटकायचा. त्याला विचारलं, "मान हलते की तू हलवतोस?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मीच हलवतो. पण मला राहवत नाही." इतकं नेमकं वर्णन मला पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही. आपल्या भाषेत यासाठी आख्खी व्यवस्था आहे. मी रडलो, मला रडू आलं, मला रडवलं गेलं. मी पाहत नाही, मला पाहवत नाही. करतो, होतं, करावंसं वाटतं, करवत नाही, राहवत नाही. स्वेच्छा आणि सक्ती यांच्यामध्ये एवढे टप्पे आहेत, आणि मेंदूच्या विकारांत हा प्रत्येक टप्पा वेगळा झालेला दिसतो.

विजेने तो मुद्दाम वेगळा करताही येतो. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफील्डने शस्त्रक्रियेत जाग्या रुग्णाच्या मेंदूच्या हालचाल-पट्ट्याला सूक्ष्म प्रवाह दिला की हात हलायचा, आणि रुग्ण सांगायचा की हे मी केलं नाही, तुम्ही केलंत. 1991 साली फ्रीडने त्याच्या पुढच्या भागात, पूरक हालचाल क्षेत्रात, प्रवाह दिला तेव्हा काही रुग्णांना हात हलवावासा वाटला, आणि तिथेच प्रवाह वाढवला की हात अनेकदा खरोखर हलला. 2009 साली मिशेल देमुर्जेच्या गटाने मेंदूच्या मागच्या बाजूला, पार्श्विका खंडात, प्रवाह दिल्यावर रुग्णांना हालचालीची इच्छा झाली. प्रवाह आणखी वाढवला तर त्यांना वाटलं की हालचाल होऊनही गेली, आणि स्नायू मात्र गप्प होते. पुढच्या एका भागात प्रवाह दिला तर उलटं झालं: हात हलला, आणि रुग्ण म्हणाला मी हललोच नाही. "करावंसं वाटणं", "करणं" आणि "मी केलं हे कळणं" यांचे धागे मेंदूत वेगवेगळे आहेत. रोजच्या आयुष्यात ते इतके घट्ट पिळलेले असतात की आपल्याला एकच दोरी दिसते.

त्या मुलाकडे परत येते, कारण त्याच्यात अजून एक गोष्ट होती. तो टिक थोडा वेळ थोपवू शकायचा. माझ्यासमोर त्याने मिनिटभर थोपवली. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, आणि मग एकदम तीनचार झटके. पुढे त्याला आमच्या थेरपिस्टने शिकवलं की मानेत ती खाजेसारखी भावना येऊ लागली की ओळखायची आणि मान झटकणं अशक्य होईल असे दुसरे स्नायू हळूच ताणून धरायचे. या पद्धतीची 2010 साली 126 मुलांवर काटेकोर चाचणी झाली होती. पद्धत शिकलेल्यांपैकी 52.5 टक्क्यांत ठळक सुधारणा दिसली, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत 18.5 टक्क्यांत. त्या मुलाला इच्छा कुठून येते हे कळलं नव्हतं, तिचं उगमस्थान त्याच्या हाती आलं नव्हतं. पण इच्छा आणि कृती यांच्यामधली जागा सहा महिन्यांत रुंदावली होती. मला विचाराल तर इच्छास्वातंत्र्य हा शब्द मी या जागेसाठी वापरते.

लिबेटलाही ही जागा दिसली होती. इच्छा मेंदूतून आपोआप येत असली तरी शेवटच्या क्षणी ती नाकारता येते, असं त्याचं म्हणणं होतं. 2016 साली बर्लिनमध्ये शुल्त्से-क्राफ्ट यांच्या गटाने हे तपासलं. संगणक माणसाच्या ईईजीवर नजर ठेवायचा आणि तयारीची खूण दिसली की लाल दिवा लावायचा. दिवा दिसला की माणसाने थांबायचं. हालचालीच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधीपर्यंत लोक थांबू शकले, त्यानंतर नाही. म्हणजे तयारी सुरू झाली याचा अर्थ बाण सुटला असा होत नाही.

इथवर लिहिताना मला समाधान वाटलं असतं, जर एका रुग्णाने माझी झोप उडवली नसती. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, कंपवात. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारे. मी त्यांना डोपामाइन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारं एक औषध दिलं. हालचाली छान सुधारल्या, तपासणीला हसतमुख यायचे. आठएक महिन्यांनी पत्नी एकटी आली. ते रात्र रात्र मोबाइलवर पत्त्यांचा जुगार खेळत होते. साठवलेले पैसे संपले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. हा त्या औषधगटाचा माहीत असलेला परिणाम आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 3090 कंपवात-रुग्णांच्या पाहणीत 13.6 टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी एखाद्या बाबतीत आवर घालता येत नव्हता, आणि अशी औषधं घेणाऱ्यांत ते प्रमाण जास्त होतं. मला हे ठाऊक होतं. औषध सुरू करताना मी ते त्यांना आणि त्यांच्या पत्नीला सांगायला हवं होतं, आणि दर भेटीला विचारायला हवं होतं. मी फक्त हाताचा कंप विचारत राहिले. आता पहिल्या दिवशी सांगते, कागदावर लिहून देते आणि घरच्यांसमोर विचारते.

औषध हळूहळू कमी केलं. काही आठवड्यांत तल्लफ ओसरली. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तो मी होतो का?"

मला तत्त्वज्ञान वाचायला या प्रश्नाने लावलं. हॅरी फ्रँकफर्टने 1971 साली एक मांडणी केली होती. माणसाला इच्छा असतात, आणि आपल्या इच्छांबद्दलही इच्छा असतात. नशा हवीशी वाटणं ही एक, आणि "मला ती हवीशी वाटू नये" असं वाटणं ही दुसरी. दुसऱ्या पातळीची इच्छा पहिलीवर चालते तेव्हा माणूस स्वतंत्र. सुरेख मांडणी आहे, टिकच्या मुलाला तंतोतंत बसते. या गृहस्थांना बसली नाही. कारण पहिले काही महिने त्यांना जुगाराची इच्छा नकोशी वाटतच नव्हती. "मला वाटायचं, मी आत्ता कुठे जगायला लागलोय," असं ते म्हणाले. औषधाने इच्छा बदलली होती आणि इच्छेचा पहारेकरीही बदलला होता.

मग कसोटी कोणती उरते? जॉन मार्टिन फिशर आणि मार्क रविझा यांनी 1998 साली सुचवलेली मला सर्वांत उपयोगी वाटते. माणसाला सबळ कारण मिळालं तर त्याचं वागणं बदलतं का? या गृहस्थांना हरलेल्या रकमेचा आकडा दिसत होता, पत्नी रडत होती, मुलीचं शिक्षण अडलं होतं. एरवी यातलं एकेक कारण त्यांना जागच्या जागी थांबवायला पुरेसं होतं. त्या काळात कुठलंच कारण आत पोचत नव्हतं. औषध उतरलं तशी कारणं पुन्हा पोचायला लागली. मी त्यांना सांगितलं, "हात तुमचे होते, हौसही तुमच्याच डोक्यातून आली होती, पण कारण ऐकणारं तुमच्यातलं कुणीतरी त्या काळात बंद होतं." हे पूर्ण उत्तर आहे असा माझा दावा नाही. त्यांना ते पटलं.

यातून मी जे शिकले ते सांगते. इच्छास्वातंत्र्य हे आहे किंवा नाही अशा दोन खणांत बसत नाही. ती एक क्षमता आहे. दृष्टी किंवा स्मृती असते तशी ती कमीजास्त असते. कपाळामागच्या भागाला इजा, गाठ, नशा, झोपेचा तुटवडा, काही औषधं तिला खाली आणतात. लहानाचं मोठं होणं आणि सराव तिला वर नेतात, बरेचदा उपचारही नेतात. 2003 साली प्रसिद्ध झालेली एक नोंद या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. चाळिशीतल्या एका माणसात लहान मुलांविषयी विकृत लैंगिक ओढ अचानक उत्पन्न झाली, मेंदूच्या उजव्या कपाळभागात मोठी गाठ सापडली, ती काढल्यावर ओढ गेली, पुढे ती परतली तेव्हा गाठही पुन्हा वाढलेली होती. सगळी माणसं जर सारखीच परतंत्र असती, तर गाठ असतानाचा तो आणि नसतानाचा तो यांत फरकच करता आला नसता. फरक तर ढळढळीत आहे.

आता ती खोल अडचण. तत्त्वज्ञ गॅलन स्ट्रॉसनचा युक्तिवाद साधा आहे. तुम्ही जे करता ते तुम्ही जसे आहात त्यामुळे करता. म्हणून कृतीची अंतिम जबाबदारी घ्यायची तर तुम्ही जसे आहात त्याचीही घ्यावी लागेल. पण तुम्ही स्वतःला घडवलं असलं तरी ते घडवणारे तुम्ही आधी कुणीतरी होतातच, आणि त्याला कुणी घडवलं? मागे जात राहा, शेवटी जिथे पोचाल तिथे तुमची निवड नसेल. जनुकं निवडली नाहीत, आईवडील निवडले नाहीत, पहिली भाषा निवडली नाही. मी या युक्तिवादाला खोटं पाडू शकलेले नाही. क्वांटम अनिश्चितता इथे मदतीला येत नाही, कारण माझ्या मेंदूत फासा पडून निर्णय झाला तर तो माझ्या आणखीच कमी मालकीचा होईल. त्यामुळे मला मान्य आहे: स्वतःला मुळापासून स्वतःच घडवणारं, कुणाचंही देणं न लागणारं असं स्वातंत्र्य माणसाजवळ नाही.

हे मान्य केल्यावर काय सोडावं लागतं? माझ्या मते, "भोगू दे, त्याची लायकीच ती" हे सुख सोडावं लागतं. ते सोडायला मी तयार आहे. जबाबदारी मात्र सोडावी लागत नाही. 2020 साली तत्त्वज्ञांच्या मोठ्या पाहणीत सुमारे 59 टक्क्यांनी कार्यकारणभाव आणि इच्छास्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात या बाजूला कौल दिला. स्वातंत्र्य नाहीच म्हणणारे 11 टक्क्यांच्या आसपास होते. बहुमताने सत्य ठरत नाही, पण "तत्त्वज्ञ म्हणतात" असं तुम्ही लिहिलंत म्हणून हे सांगितलं.

पाणिनीचं एक सूत्र मला यासंदर्भात नेहमी आठवतं: स्वतन्त्रः कर्ता. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. लगेच पुढचं सूत्र सांगतं की त्याला प्रवृत्त करणारा तो हेतू, आणि तोही कर्ताच. म्हणजे मागे प्रेरक आहे म्हणून पुढच्याचं कर्तेपण काढून घेतलं जात नाही. त्याला कुणी उद्युक्त केलं, तरी करणारा तोच. व्याकरण म्हणून लिहिलेलं आहे, इच्छास्वातंत्र्याचा निवाडा म्हणून नाही, हे मला कळतं. तरी कर्तेपण आणि कारणांची साखळी ही दोन्ही एकाच वाक्यात सुखाने राहतात, एवढं ते दाखवून देतं.

आणि आता तुमचं ते वाक्य: आधीच ठरलेलं असेल तर धडपड कशाला? यात कार्यकारणभाव आणि दैववाद यांची गल्लत आहे. दैववाद म्हणतो की तुम्ही काहीही करा, व्हायचं तेच होईल. कार्यकारणभाव नेमकं उलटं सांगतो: तुम्ही काय करता त्यावर पुढचं ठरेल. धडपड ही साखळीच्या बाहेरची गोष्ट नाही, साखळीतलाच दुवा आहे. तो दुवा काढला तर पुढचं टोक वेगळं निघेल. माझ्या रुग्णांना मी असं कधीच सांगत नाही की बरं व्हायचं की नाही हे ठरलेलं आहे तेव्हा व्यायाम सोडा, कारण व्यायाम हे बरं होण्याचं कारण आहे. स्वातंत्र्य नाही असं वाचून माणसं बिघडतात, या दाव्यावर मात्र मी भर देणार नाही. 2008 सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात तसं वाचलेल्यांनी जास्त लबाडी केल्याचं दिसलं होतं, पण पुढे तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा निकाल आला नाही.

जुगाराच्या त्या गृहस्थांचं अजून एक सांगायचं राहिलं. औषध पूर्ण उतरायला वेळ लागणार होता आणि रात्री तल्लफ येतच होती. रात्री ते हरायचे. मग एका सकाळी, डोकं थंड असताना, त्यांनी आपणहून बँकेचं कार्ड आणि मोबाइल दोन्ही पत्नीच्या हवाली केलं. रात्री मागितलं तरी द्यायचं नाही, असं सांगून ठेवलं. लिबेटच्या घड्याळात हा निर्णय कुठेच सापडणार नाही. तो बारा तास आधी, दुसऱ्या वेळच्या स्वतःसाठी घेतलेला होता. आपण स्वातंत्र्य शोधतो ते कृतीच्या अलीकडच्या अर्ध्या सेकंदात, आणि ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी वापरलेलं असतं. यावर संशोधनही आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरने दाखवलं की "मी अभ्यास करणार" अशा संकल्पापेक्षा "अमुक वाजले आणि मी अमुक जागी बसलो की पहिलं गणित उघडणार" असं परिस्थितीला बांधलेलं ठरवणं जास्त वेळा पार पडतं. 2006 साली 94 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

तुम्ही लिहिलंय, "माझ्याकडून अभ्यास होत नाही." तुमच्यासमोर बसले असते तर मी या क्रियापदापाशी थांबले असते. बसावंसं वाटतं, पण हात मोबाइलकडे जातो आणि राहवत नाही, असं आहे का? मग संध्याकाळच्या लढाईत जिंकायचा प्रयत्न करू नका, मोबाइल सकाळीच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. की बसवतच नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, झोप बिघडलीय, जे आवडायचं तेही दोनेक आठवड्यांपासून नकोसं झालंय? तसं असेल तर हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. की दोन्ही नाही, आणि हा विषयच तुम्हाला नको आहे, दुसराच काहीतरी हवाय? तर तेही स्वतःशी नीट शब्दांत म्हणून पाहा. "होत नाही" आणि "करायचं नाही" यांचे उपाय वेगळे आहेत.